पंचविसावा परवाना

ज्या माणसाने आयुष्यात एकदा झेरॉक्सच्या यंत्रात अडकलेला कागद भुवया उपटायच्या चिमट्याने ओढून काढला आहे, त्याने पुढे जन्मभर यंत्रांपासून चार हात लांब राहावं. मी तो कागद काढला त्याला एकोणीस वर्षं झाली. चिमटाही माझा नव्हता. पण तेव्हापासून आमच्या कारखान्यात विजेवर चालणारी कुठलीही वस्तू रुसली, की सगळे माना वळवून माझ्याकडे बघतात.

आम्ही लुकांगला नळ बनवतो. तैवानातला माणूस सकाळी तोंड धुतो तेव्हा तो आमच्या गावाच्या उपकाराखाली असतो. त्याला हे ठाऊक नसतं, आणि आम्हीही तसं कधी बोलून दाखवत नाही. माझ्या कार्डावर 'सामान्य व्यवहार प्रमुख' असं छापलेलं आहे. जे काम दुसऱ्या कुणाचंच नाही ते सामान्य व्यवहारात येतं. देवळाची वर्गणी, ट्रकवाल्यांची भांडणं, छपरावरची कबुतरं आणि जिन्याखालचा सर्व्हर.

सर्व्हर जिन्याखाली राहत असे. राहत असे एवढंच म्हणतो. काम करत असे म्हणणं धाडसाचं होईल. एका नळाचं रेखाचित्र उघडायला त्याला अकरा मिनिटं लागायची. तोच नळ ओतायला आमच्या भट्टीला नऊ लागतात. रेखाचित्र दिसेपर्यंत नळ तयार होऊन थंड व्हायला लागलेला असे.

तेव्हा धाकटे मालक, म्हणजे शी काय-युएन, यांनी जाहीर केलं, "न्यानकाका, दोन नवे सर्व्हर घ्यायचे. एक कामाला, एक त्याची नक्कल ठेवायला. सगळं तुमच्यावर सोपवतो. तुमच्याइतका उरक इथे कुणाला आहे?"

मी मान खाली घालून विनयाने हसलो. हे हसणं लक्षात ठेवा. पुढे ते मला महागात पडणार आहे.

संध्याकाळी मालकीणबाईंनी मला चहाला बोलावलं. बाई म्हणजे काय-युएनची आई. थोरले मालक शी यी-ल्याङ तीन वर्षांपूर्वी गेले. त्यांचा फोटो कार्यालयात घड्याळाखाली आहे. बाईंना कारखान्यात ना पद, ना टेबल, ना पगार. त्या नुसत्या असतात. सत्तावीस वर्षं मी त्यांना 'मालकीणबाई' म्हणत आलो.

"न्यान," त्या म्हणाल्या, "नवी यंत्रं आण, जुनी फेक, काय वाटेल ते कर. पण आमच्या ह्यांच्या खात्याला हात लावायचा नाही."

"खात्याला?"

"संगणकावर त्यांच्या नावाचं खातं आहे ना, ते. राहू दे."

मला गलबलून आलं. विधवा बाई, नवऱ्याची एक खूण. मी म्हणालो, "बाई, मी शब्द देतो."

शब्द द्यायला काही लागत नाही. खातं राखायला परवाना लागतो, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

तत्पूर्वी शेजाऱ्यांचे सल्ले. गल्लीत साच्यांचं दुकान चालवणारा वू हातातली कानस न ठेवताच आत आला. "दोन कशाला घेतोस? माझ्या भाच्याने एक घेतलाय. त्यावर अख्खं पोल्ट्री फार्म चालतं."

"त्याच्याकडे माणसं किती?"

"माणसं दोन. कोंबड्या आठ हजार."

समोरची शिंपल्यांच्या शेवया विकणारी बाई म्हणाली, "काहीही घ्या, पण सातव्या महिन्यात सुरू करू नका हो." आमच्याकडे चांद्र पंचांगाचा सातवा महिना भाऊबंदांचा असतो. ते परलोकातून सुट्टीवर आलेले असतात आणि त्यांना भाऊबंद याशिवाय दुसऱ्या कुठल्या नावाने हाक मारायची नसते. या महिन्यात लग्न करत नाहीत, घर बदलत नाहीत, गाडी घेत नाहीत. सर्व्हरबद्दल शास्त्रात काही नव्हतं. पण शेवयावाल्या बाईंचं शास्त्र व्यापक होतं. आणि महिना सहावा संपत आला होता.

यंत्रं बसवणारा च्यान ताइचुंगहून आला. हा पन्नाशीचा शांत गृहस्थ. दवाखान्यातून वाईट बातमी आणणारी माणसं जशी हळू बोलतात तसा हा नेहमीच बोलायचा.

"सर्व्हर दोन. ते सोपं आहे," तो म्हणाला. "मग त्यांचे परवाने."

"म्हणजे यंत्र विकत घेऊन वर परवाना?"

"यंत्राच्या पोटात सोळा गाभे आहेत, म्हणजे कोअर. परवाना गाभ्यांवर असतो. मग माणसांचे परवाने."

"माणसांचे कशाला?"

"सर्व्हरशी बोलणाऱ्या प्रत्येक माणसाला परवाना लागतो."

मी चष्मा काढून पुसला. म्हणजे म्हैस विकत घ्यायची, तिच्या चारही सडांचा वेगळा कर भरायचा, आणि घरात जो जो दूध पिणार त्याने आपापलं प्रमाणपत्र आणायचं. च्यानने समजुतीने मान हलवली. त्याला म्हशीचं कळलं होतं. "आणि तो माणसाच्या नावावर असतो," तो म्हणाला. "ओळखपत्रावर असेल तेच नाव. खाली त्याचा शिक्का."

शिक्क्याची आम्हाला सवय आहे. आमच्याकडे माणसाची सही कुणी विचारत नाही. दगडात कोरलेल्या नावाचा लाल ठसा उमटला की माणूस आला. खरेदीच्या कागदावर मला सहा शिक्के मिळवायचे होते. त्यातला एक गुणवत्ता विभागाच्या उ साहेबांचा. ते शिक्का घरी विसरून पाच दिवसांच्या सहलीला गेले होते. मी त्यांच्या घरी गेलो. त्यांच्या सासूने मला विमा एजंट समजून दाराबाहेरच उभं केलं आणि शिक्क्याऐवजी तिच्या गुडघ्यांची सविस्तर माहिती दिली. सहा शिक्के मिळायला अकरा दिवस लागले. तोवर सातवा महिना लागला होता.

कागदावर परवाने पंचवीस होते. खाती पंचवीस होती. माझा हिशोब चोख होता. थोरले मालक धरून.

मग काय-युएनने नवी अभियंता नेमली. कुमारी को यी-च्येन, वय सव्वीस, एक तारखेला रुजू होणार.

"तिला बाबांचा परवाना द्या," तो सहज म्हणाला.

"एक जास्तीचा घेऊ या का?" मी म्हणालो.

"सुटा मिळत नाही," च्यान हळूच म्हणाला. "पाचाचा गठ्ठा. नवा कागद, नवे सहा शिक्के."

मला उ साहेबांची सासू दिसली.

"काका, वारलेल्या माणसासाठी पाच परवाने?" काय-युएन म्हणाला. "बाबा असते तर त्यांनीच मला हाकललं असतं."

हे खरं होतं. थोरले मालक वापरलेल्या पाकिटांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आयुष्य जगले. पण मी शब्द दिला होता. मी म्हणालो, "आधी कोणतं खातं पडून आहे ते बघू. एखादं तरी निघेल."

ही कल्पना माझी होती, हे मी प्रांजळपणे नमूद करतो.

च्यानने वापराचा अहवाल काढून भिंतीवर मोठा करून दाखवला. सगळं कार्यालय चहाचे पेले घेऊन जमलं. सर्वांत नियमित वापरकर्ता पहिल्या ओळीत: शी यी-ल्याङ. रोज पहाटे पाच चाळीस. रविवारसुद्धा. शेवटचा वापर: आज.

कुणीतरी पेला खाली ठेवला. सगळ्यांनी घड्याळाखालच्या फोटोकडे पाहिलं. फोटोतले थोरले मालक नेहमीसारखेच, कुणीतरी उगाच दिवा चालू ठेवलाय अशा नजरेने बघत होते.

मग च्यानने यादी खाली सरकवली. सर्वांत शेवटची ओळ होती: न्यान. शेवटचा वापर चारशे अकरा दिवसांपूर्वी.

मेलेला माणूस रोज कामावर येतो आणि जिवंत माणूस चारशे अकरा दिवस आलेला नाही, हे भिंतीवर दीड फूट उंचीच्या अक्षरांत वाचण्याचा प्रसंग माझ्या वैऱ्यावरही येऊ नये. मला कागद आवडतो. कार्यालयातली मुलं मला छापून आणून देतात, मी वाचतो, शिक्का मारतो, फाइलला लावतो. यात गैर काय आहे?

पण काय-युएन माझ्याकडे वेगळ्याच नजरेने बघत होता. "काका... मग पहाटेची पत्रं कोण लिहितं?"

"कुठली?"

"मुलामा देणाऱ्यांना, पितळवाल्यांना. मी आठला येतो तेव्हा सगळं निपटलेलं असतं. ते लोक म्हणतात, शींचं पत्र आलं. मला वाटलं, बाबांचं खातं तुम्ही सांभाळताय! तीन वर्षं मी तुमचं कौतुक करतोय!"

"मला वाटलं," मी म्हणालो, "तुम्ही घरून लिहिता. आणि कौतुक मोठेपणाने करता."

तीन वर्षं तो मला 'काय उरक आहे काका' म्हणत होता आणि मी 'छे छे, तुमच्यामुळेच' म्हणत होतो. तो याला माझा विनय समजत होता, मी त्याच्या बोलण्याला त्याचा. आमच्या गावात सभ्य माणसं एकमेकांना याहून जास्त काही विचारत नाहीत.

दुपारपर्यंत थोरल्या मालकांच्या जुन्या टेबलावरच्या संगणकापुढे कुणीतरी तीन संत्री ठेवली. संध्याकाळपर्यंत तिथे उदबत्ती होती, एक बीअरचा डबा होता, आणि वू कानस घेऊन दारात उभा होता. "मी म्हणालो होतो ना, एकच घे. दोन घेतलेस म्हणून त्यांना राग आला." धाकटे मालक विज्ञान शिकलेले. त्यांनी पासवर्ड चोरीचा संशय व्यक्त केला आणि जाताना संत्र्यांना हात जोडले. शनिवारी यंत्रं बसणार होती. पाच वाजता परवान्यांच्या नावांची यादी जाणार. ज्याचं नाव यादीत नाही त्याचं खातं बंद.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला मी कारखान्याच्या मागच्या दाराने आत शिरलो. शब्द दिलेला माणूस घाबरत नाही. फक्त त्याच्या हातातल्या किल्ल्या वाजतात.

थोरल्या मालकांच्या टेबलावर दिवा होता. त्यांचं राखी स्वेटर खुर्चीत बसलं होतं. माझ्या हातून किल्ल्या पडल्या.

"न्यान, दार लाव. गार वारं येतंय," स्वेटर म्हणालं.

मालकीणबाई होत्या. नाकावर चष्मा, उजव्या हाताचं एक बोट, आणि त्या एका बोटाचा वेग असा की आमच्या कार्यालयातल्या दहा बोटांनी लाजावं. पडद्यावर मुलामावाल्याला पत्र होतं: 'नळांच्या कोपऱ्यांवर मुलामा पातळ आहे. मला फसवू नका, मी याही वेळी नख लावून पाहिलं आहे.'

"बाई... तुम्ही?"

"मग कोण? ते?" त्यांनी फोटोकडे हनुवटी उडवली. "त्यांना संगणकाची भीती वाटायची. हातमोजे घालून बसायचे. ते बोलायचे, मी लिहायचे. मग मी लिहायचे आणि ते ऐकायचे. शेवटी शेवटी ऐकतही नव्हते, झोपायचे."

"काय-युएनला सांगायचं तरी."

त्यांचं बोट थांबलं. "सांगितलं की तो काय म्हणणार ठाऊक आहे? 'आई, आता पुरे, आराम कर.' मला सहलीला पाठवेल. गरम पाण्याच्या कुंडात बसवून ठेवेल दुसऱ्या म्हाताऱ्यांबरोबर." त्यांनी एक संत्रं सोललं, भाऊबंदांसाठी ठेवलेलं. अर्धं मला दिलं. "हे खातं गेलं ना न्यान, की मी घरात बसलेली म्हातारी. पहाटे पाच चाळीसला माणसाने काय करायचं असतं घरात?"

मी संत्रं खाल्लं. आता माझ्याकडे एक शब्द, एक गुपित आणि पंचवीस परवाने होते, आणि माणसं होती सव्वीस.

शनिवार उजाडला. शेवयावाल्या बाईंनी सातव्या महिन्यातही एक बरा मुहूर्त शोधून दिला होता: एक ते तीन, ईशान्येकडे तोंड करून. च्यानने यंत्रं जिन्याखाली बसवली आणि विचारलं, "हिरवा पुडा?"

सर्व्हर नीट वागावा म्हणून त्याच्यावर मक्याच्या कुरकुरीत खाऊचा पुडा ठेवतात. हिरवाच, नारळाच्या चवीचा. हिरवा म्हणजे दिवा हिरवा, म्हणजे सगळं ठीक. तो खायचा नसतो आणि त्याची तारीख उलटू द्यायची नसते. हे बँकांत करतात, दवाखान्यांत करतात. च्यान अभियांत्रिकीचा पदवीधर आहे. पुड्याशिवाय तो यंत्राची कळ दाबत नाही. मी वूला पैसे देऊन पाठवलं होतं. त्याने पिवळा आणला.

"हिरव्यापेक्षा हा चविष्ट आहे," वू म्हणाला.

"पिवळा म्हणजे धोक्याचा इशारा," च्यान अत्यंत हळू म्हणाला. मी स्वतः सायकलवर तीन दुकानं हिंडून हिरवा आणला. परत आलो तो जिन्याखाली वातानुकूलन यंत्राच्या नळीतून पाणी ठिबकत होतं, थेट नव्या सर्व्हरच्या दिशेने. दिवसाला दोन हजार नळ बनवणाऱ्या कारखान्यात त्या थेंबाखाली धरायला कुणाला काही सापडत नव्हतं. शेवटी मी माझा जेवणाचा डबा धरला. तासभर. सामान्य व्यवहारात तेही येतं.

चार वाजता काय-युएन यादी घेऊन आला. "काका, बाबांचं नाव खोडा. को यी-च्येन लिहा."

मी म्हणालो, "थोरल्या मालकांना न विचारता?"

हे मी नुसतं वेळ काढायला म्हणालो. पण काय-युएनचा चेहरा पडला. वडिलांना न विचारता त्याने लग्नसुद्धा केलं नव्हतं. आम्ही सगळे वर गेलो. देवघरात शी घराण्याच्या पितरांची पाटी आहे. मालकीणबाईंनी कौलाचे दोन लाकडी तुकडे घेतले, चंद्रकोरीसारखे, एक बाजू सपाट, एक फुगीर. एक उताणा एक पालथा पडला तर होकार. तो लागोपाठ तीनदा हवा. दोन्ही फुगीर बाजूने वर आले तर नकार. दोन्ही सपाट बाजूने वर आले तर पितर हसताहेत.

"अहो," बाई म्हणाल्या, "तुमचं खातं बंद करू का?"

थोरले मालक हसले.

"मग चालू ठेवू का?"

पुन्हा हसले.

"दिशा चुकली का बाबा?" काय-युएनने विचारलं. "महिना? यंत्रं महाग पडली का?" दर वेळी दोन्ही तुकडे सपाट पोट वर करून पडत होते. इतक्या वर्षांत या माणसाला मी इतकं हसताना पाहिलं नव्हतं.

"पावणेपाच," च्यान दारातून म्हणाला.

तुकडे गोळा करायला बाई वाकल्या आणि लगेच उठल्या नाहीत. मला ते बघवेना. आता, मी बाईंना खातं राखण्याचा शब्द दिला होता; गप्प बसण्याचा दिला नव्हता. निदान संत्रं खाताना तसं बोलणं झालं नव्हतं. मी गुडघ्यांवर बसलो, डबा बाजूला ठेवला आणि पाटीकडे बघून म्हणालो, "मालक, तुमच्या नावाने पहाटे जी बाई कारखाना चालवते, तिला तिच्याच नावाने खातं द्यावं का?"

काय-युएनने माझ्याकडे पाहिलं. मग आईकडे. मग आईच्या उजव्या हाताच्या बोटाकडे. त्या बोटाला घट्टा होता.

"टाका, बाई," मी म्हणालो.

होकार. होकार. तिसऱ्यांदा एक तुकडा गरगर फिरत वूच्या चपलेला जाऊन टेकला. होकार.

"आई," काय-युएन म्हणाला, "तीन वर्षं तू?"

"एकतीस," बाई म्हणाल्या.

'आराम कर' हे शब्द त्याच्या ओठांवर आलेले मी स्वतः पाहिले. मग तो म्हणाला, "मुलामावाल्याला गेल्या वर्षी गेलेलं ते नख लावल्याचं पत्र... मी ते टेबलासमोर चिकटवून ठेवलंय. मला वाटलं काकांचं आहे."

"काकांची नखं बघ," बाई म्हणाल्या.

"पण मग को?" च्यानने घड्याळ दाखवलं. "सव्वीस होतात."

तेव्हा मी चारशे अकरा दिवस या आकड्याचा प्रथमच अभिमान बाळगून म्हणालो, "शेवटच्या ओळीतलं नाव खोडा. मुलीला माझा परवाना द्या. मला सगळं छापून लागतं."

पाचला सात मिनिटं होती. च्यानने कोरा अर्ज माझ्यापुढे सरकवला. वापरकर्त्याचं नाव, ओळखपत्राप्रमाणे. मी लेखणी उघडली आणि थांबलो. सत्तावीस वर्षं या बाईंच्या हातचा चहा प्यालो. त्यांचं नाव मला ठाऊक नव्हतं. काय-युएनकडे पाहिलं, तो जमिनीकडे बघत होता. त्याला ठाऊक होतं, त्याने उच्चारलं नाही.

"बाई, काय लिहू?"

"दुसरं काहीतरी लिही. छानसं."

"ओळखपत्राप्रमाणे," च्यान पुटपुटला. त्याला स्वतःलाच वाईट वाटत होतं.

"ल्याङ बोङ-यो," बाई म्हणाल्या.

त्या पिढीत घरात पाचवी मुलगी झाली की असं नाव ठेवत: बोङ-यो, म्हणजे वाढवू कशीबशी, जगली तर जगली. मी ते लिहिलं. माझं अक्षर बरं आहे. त्या दिवशी मी ते जास्तच सावकाश काढलं, पाच मिनिटं उरलेली असताना. शिक्का त्यांच्याकडे नव्हता. कधीच नव्हता, सगळीकडे नवऱ्याचा चालायचा. त्यांनी अंगठा लाल शाईत बुडवून ठसा उठवला. यादी चार एकोणसाठला गेली. खाली हिरवे दिवे लागले आणि वूने पिवळा पुडा फोडून सगळ्यांना वाटला.

सोमवारी सकाळी सातला कुमारी को यी-च्येन माझ्या टेबलाशी आली. "न्यानकाका, सगळ्यांना पत्र आलंय. तुम्हाला खातं नाही म्हणून छापून आणलं."

मी चष्मा लावला. वेळ, पाच चाळीस. मजकूर असा: 'खालच्या मोरीतला नळ रोज कोण ठिबकता ठेवतं ते मला माहीत आहे. आज बंद दिसला नाही तर नाव लिहीन. - ल्याङ बोङ-यो.'

मी कागद दोनदा वाचला. शिक्का काढला, लाल शाईत नीट दाबला आणि कोपऱ्यात 'वाचले' असा उमटवून फाइलला लावला. मग खाली जाऊन नळ बंद करून आलो.